होडीवाल्याची पोथी

माझ्या भावाच्या घरी देव टीव्हीत राहतात. थट्टा नाही. मोंतान्य ब्लांश गावातल्या घरात पुढच्या खोलीत जो देव्हारा आहे, तो एके काळी आमचा टीव्ही होता. चार बारीक पायांची लाकडी पेटी, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारी दारं. आतली काच आणि तारा कधीच निघून गेल्या. भावाने आत तांबडं साटीन लावलं, वर बारीक दिवे सोडले, आणि विठ्ठल-रखुमाईपासून शेजारच्या तमिळ बाईने दिलेल्या मुरुगनपर्यंत सगळ्यांना दाटीवाटीने बसवलं. "लाकूड बरं हाय, टाकून कशाला द्यायचं?" एवढंच त्याचं म्हणणं. दरवर्षी गणपतीला मी क्यूरपीप शहरातून येते, आरतीला उभी राहते, आणि सगळे देवाच्या तोंडाकडे बघत असताना माझं लक्ष उगीच त्या पेटीच्या पायांकडे जातं. लहानपणी मी त्या पायांपाशी बसायची. तिथून टीव्ही नीट दिसत नसे, पण शारदाआतेचं तोंड दिसत असे.

शारदाआते म्हणजे माझ्या बापाची धाकटी बहीण. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हा ती विशीची होती. ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे आमच्या बेटावर गावोगावी स्वेटर विणण्याचे कारखाने निघाले. बेटावर स्वेटर घालतो कोण, हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण ते सगळे बोटीत बसून थंड देशांत जात. आते पहाटे ऊस तोडणाऱ्यांच्या आधी उठून कारखान्याच्या गाडीत बसे आणि संध्याकाळी परत येई, तेव्हा तिच्या केसांत रंगीत लोकर अडकलेली असे. कधी निळी, कधी पिवळी. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ती वेचायची. तिच्या हातांना लोकरीचा आणि मशीनच्या तेलाचा वास यायचा. त्या वासाचं अत्तर कुणी विकत नाही, नाहीतर मी घेतलं असतं.

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. बापू, म्हणजे माझा बाप, उसाच्या शेतावर सिरदार होता, मजुरांवर देखरेख करायचा. त्याला टीव्ही हवा होता तो फुटबॉलसाठी. पण घरात आलेली वस्तू कुणाची होईल हे तिला आणणाऱ्याच्या हातात नसतं. महिन्याभरात गुरुवारची संध्याकाळ बायकांची झाली, कारण गुरुवारी बातम्यांनंतर ती मालिका लागायची.

मालिका फ्रेंच. कुठल्याशा थंड समुद्राकाठचं गाव, शाळा नुकती सुटलेली चार-पाच तरणी पोरं, टेकडीवर द्राक्षांच्या मळ्यातलं मोठं घर. त्या घरातली मुलगी आणि खाली बंदरावर होड्या बांधणारा मुलगा, यांचं एकमेकांवर मन बसलेलं. मुलीचं नाव एलेन होतं. मुलाचं नाव आमच्या बायकांनी कधी घेतलंच नाही, त्यांच्या लेखी तो होडीवाला. वाऱ्याने उडणारे केस, सायकलवरून उतरताना लांब फडकणारा गळपट्टा, आणि सुरुवातीला वाजणारा तो एकटा बाजा. तो बाजा वाजला की आमच्या गल्लीत चुलीवरची भांडी उतरत.

आमच्या बायकांना बेटावरची बोली, क्रेओल, येत होती, शेतातली आणि दुकानातली. मालिकेतली फ्रेंच मात्र त्यांच्या कानांवरून निघून जाई. तरी त्यांचं काही अडलं नाही, कारण न कळणारं ऐकायची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. श्रावणात गावच्या बैठकीत पोथी लागायची. पोथीतली जुनी मराठी तरी कुणाला कळत होती? एकजण ओव्या वाचायचा आणि शेजारी बसलेला दुसरा अर्थ सांगायचा. थोडा मराठीत, थोडा भोजपुरीत, अगदीच अडलं तर क्रेओलमध्ये. तीच रीत बायकांनी इथे लावली. टीव्ही वाचायचा आणि शारदाआते अर्थ सांगायची. ती कॉलेजात, म्हणजे आमच्याकडच्या हायस्कुलात, शिकलेली, तिला फ्रेंच येत होती. टीव्हीच्या डाव्या अंगाला तिचा पाट ठरलेला. बायका नळावर पाय धुऊन आत येत आणि डोक्यावरून पदर घेऊन बसत. कुणी ठरवलं नव्हतं, पण पोथीला जसं बसायचं तसंच त्या बसायच्या. होडीवाल्याला हे कळलं असतं तर बिचारा लाजला असता.

"आस्तेर काय झाला?" पलीकडच्या घरातली ताराबाय विचारी. आस्तेर म्हणजे आता. गल्लीतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई.

"तो बोलतो, तुझ्या बापूसला मी भेटेन."

"आन ती?"

"ती बोलते, थांब थोडा."

"बरोबर बोलली. बापूस लय तापट दिसतो तिचा."

पडद्यावर ती दोघं एकमेकांच्या फार जवळ आली की आते जरा थांबे, छताकडे बघे आणि म्हणे, "बोलतात."

माझी आजी, म्हणजे आतेची आई, भिंतीला टेकून बसलेली असे. ती डोळे न हलवता म्हणे, "लय वेळ बोलतात." मग बायका पदरात तोंड घालून अशा हसत की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच येत नसत.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. खोबरेल तेल, ओला पदर, पितळी परातीतले गातो पिमां, म्हणजे डाळीचे तिखट वडे. आणि तोडणीच्या दिवसांत उघड्या खिडकीतून येणारा साखर कारखान्याचा तो जाड गोड वास. साखर करपते की काय असं वाटायला लावणारा. आता आमच्या बाजूला धुराडं नाही, वासही नाही.

आमच्या छपरावर बांबूला बांधलेली अँटेना होती. ती बसवायला आतेच्या कारखान्यातला मेकॅनिक आला होता, सेर्ज. किनाऱ्यावरच्या माएबूर्गचा, क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचा ख्रिस्ती, घरचे मासेमारी करणारे. उंच, काळा, दाट भुवयांचा, आणि हसला की मान खाली घालणारा. बापूनेच आतेला सांगितलं होतं, तुमच्या कारखान्यातला कुणी जाणकार असला तर बघ. तिने बघितलं. पुढे वारा आला की अँटेना फिरायची आणि तो पुन्हा येऊन ती सरळ करायचा. वारा आमच्याकडे बराच असतो. पण त्या वर्षी तो जरा जास्तच झाला असं माझी आई म्हणाली.

घरात सगळ्यांना कळलं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सेर्जला माएबूर्गला परत जाऊन स्वतःचं छोटं दुकान टाकायचं होतं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. त्याने आतेला विचारलं होतं, येतेस का? त्याची आई तयार होती. इकडे आजीने पेती राफ्रेच्या एका मराठी घरात बोलणं लावलं होतं. कांद्याची शेती, माणसं ओळखीची, मुलगा कष्टाळू. पुढच्या तोडणीच्या आत काहीतरी एक व्हायचं होतं. आणि आते आजीशी याबद्दल एक शब्द बोलू शकत नव्हती. आमच्या घरात अशा गोष्टींना शब्दच नव्हते. भांडायचं तरी कशावरून सुरुवात करायची?

मग त्या दोघी गुरुवारी बोलायच्या. मालिकेतली पोर आईला न सांगता बंदरावर गेली की आजी म्हणे, "पोरगी चुकते हाय."

आते पडद्याकडे बघत म्हणे, "चुकते कशी? तिचा जीव हाय तिथं."

"जीव काय, आज इथं, उद्या तिथं. आईबापूस एकच असतात."

"ती कुठं आईबापूसला टाकते?"

"दिसतो हाय की मला."

ताराबाय दोघींकडे आळीपाळीने बघे आणि वडा तोंडात टाके. गल्लीतल्या बायका वेड्या नव्हत्या. पण पोथी चालली असताना मध्ये घरचं बोलायचं नाही एवढं त्या जाणून होत्या.

फेब्रुवारीत शेवटचा भाग यायचा होता. त्याच आठवड्यात सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आला. रेडिओवर सूचना वाढत गेल्या, बापूने छपरावर दगड चढवले, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, आणि आम्ही सगळे मधल्या खोलीत गादीवर बसून राहिलो. टीव्हीवर आजीने आपली जाड गोधडी घातली. माणसांना राहिल्या त्या पातळ. बाहेरचा आवाज कसा होता हे मला सांगता येत नाही, पण तो थांबल्यावर जी शांतता आली तिची मला जास्त भीती वाटली.

दारं उघडली तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. ऊस एकाच अंगाला विंचरल्यासारखा झोपलेला. आमचं लिचीचं झाड मुळासकट आडवं. तोल, म्हणजे छपरांचे पत्रे, दुसऱ्यांच्या परसात जाऊन पडलेले. आणि सगळीकडे फाटलेल्या पानांचा हिरवा, कच्चा वास. केळींचे घड पडले म्हणून दोन वेळा कच्च्या केळ्यांचीच भाजी. गाद्या दगडांवर वाळत घातलेल्या. विजेचे खांब रस्त्यावर. करंट बंद.

गुरुवार आला आणि गेला. मग एका दुपारी ताराबाय दारात उभी राहिली. तिच्या मागे गल्लीतल्या बायका.

"शारदा, पोथी अर्धी ऱ्हायली."

"कुठली पोथी, मावशे?"

"होडीवाल्याची. अर्धी पोथी घरात ठेवायची नाय. समाप्ती करायला पायजे. नायतर दुसरा सिक्लोन येईल, अजून मार्च जायचा हाय."

आते हसली. कुणीच हसत नाही असं बघून थांबली. "पण मी शेवट पाह्यला नाय, तर सांगू काय?"

"अर्थ सांगणाऱ्याला पुढचा ठाऊक असतो," ताराबाय म्हणाली आणि पाय धुवायला नळावर गेली. नळाला पाणी नव्हतं, तेव्हा तिने पिंपातलं घेतलं.

अशी आमच्या घरी समाप्ती झाली. दिवसाढवळ्या, बंद टीव्हीसमोर. आईने पेटीची दारं सरकवली, काच ओल्या फडक्याने पुसली. गावात एक फूल उरलं नव्हतं, म्हणून नुसतं हळदकुंकू. काचेत आम्ही सगळ्या दिसत होतो, पदर घेतलेल्या, राखाडी. आजी भिंतीला टेकून प्रसादाचे भाजके चणे निवडत बसली. आते तिच्या पाटावर बसली आणि मी पेटीच्या पायांपाशी.

ती बोलायला लागली तेव्हा आवाज कारखान्यातून थकून आल्यासारखा होता. होडीवाल्याची होडी पुरी झाली, म्हणाली. रंग दिला. निळा. तो टेकडीखाली येऊन उभा राहिला. वर आला नाही, कारण त्या घरात त्याला अजून कुणी बस म्हटलं नव्हतं. पोरीने खिडकीतून त्याला पाहिलं. सगळं आवरून ठेवलं, केस बांधले. मग ती आईकडे गेली.

"आई चणे निवडत होती," आते म्हणाली.

मालिकेतली आई मोत्यांच्या माळा घालायची. तिच्या घरी स्वैपाकाला दोन बाया होत्या. हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. ताराबायने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सुपातल्या चण्यांचा आवाज तेवढा चालू होता.

"पोर म्हणाली, आई, तो चांगला हाय. आपल्यातला नाय, पण चांगला हाय. तू नको म्हणशील म्हणून मी बोलले नाय इतके दिवस. आता तो जातो हाय. आई, मी जाऊ?"

आते थांबली. चण्यांचा आवाजही थांबला. बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं.

"मग?" मागून कुणीतरी विचारलं. "आई काय बोलली?"

"मला ठाऊक नाय," आते म्हणाली. अर्थ सांगणाऱ्याच्या पाटावरून असं कुणी म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

  मग आजीने सुपातला एक खडा उचलला, बाजूला ठेवला आणि मान वर न करता म्हणाली, "बोलली, जा."

"काय?" ताराबायने विचारलं.

"जा म्हटला तिनं. झाली समाप्ती. उठा आता, आरती करा."

आरती झाली. चणे वाटले. ताराबाय जाताना आतेच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मी तर हरखून गेले होते. माएबूर्गचा समुद्र, सफेद साखरेचा उंच केक, मला नवा फ्रॉक, हे सगळं मी त्या रात्री अंथरुणात पडून नीट लावून ठेवलं. आजी हो म्हणाली होती, सगळ्यांदेखत. आता कशाला अडायचं?

पण घर तसंच राहिलं. आते आजीजवळून जाताना तिचा पदर सारखा करायची, आजी तिच्या ताटात भात जरा जास्त वाढायची.

करंट आला तेव्हा उन्हाळा उतरला होता. सेर्ज अँटेना बसवायला आला. माएबूर्गला जायच्या आधीचं त्याचं हे शेवटचं काम, असं बापूला सांगत होता. तो छपरावर चढला आणि बांबू फिरवू लागला. आते आत टीव्हीसमोर उभी.

"ली बोन?" वरून आवाज आला. ठीक आहे का?

चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. कुणीतरी माणूस हवामान सांगत होता, त्याच्या टायवरची नक्षीसुद्धा दिसत होती.

"पा अंकोर," आतेने ओरडून सांगितलं. अजून नाही.

वर पावलं वाजली. बांबू करकरला. चित्र गेलं, आलं. "आस्तेर?"

"पा अंकोर."

मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तोच लोकरीचा आणि तेलाचा वास. तो वर फिरत राहिला, विचारत राहिला, आणि ती नाही नाही म्हणत राहिली. तिची नजर टीव्हीवर नव्हतीच. ती छताकडे बघत होती, पावलं जातील तिकडे. शेवटी ती "बोन" म्हणाली, पण इतकं हळू की त्याला ऐकू गेलं नाही. मग तिला दारात जाऊन पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. तो खाली उतरला. तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं. ते दोघं पडलेल्या लिचीपाशी थोडा वेळ उभे होते, आणि मग तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बसच्या रस्त्याने गेला. तोडणी सुरू व्हायच्या आधी आतेचं लग्न झालं. पेती राफ्रेला.

त्यानंतर गुरुवारी दुसरी मालिका लागली, बायका काही दिवस आल्या. मी शाळेत फ्रेंच शिकत होते, म्हणून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. पण मी पोरगी, मी जे होतं तेच सांगायची, आणि त्यात कुणाला रस वाटेना. हळूहळू ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही आले. ताराबाय गेली, आजी गेली. माझ्या भाच्यांना मराठी कळते, बोलायला सांगितलं की ते हसून क्रेओलकडे वळतात. कधीकधी मला त्या मालिकेतल्या बंदराची इतकी आठवण येते की मी तिथे राहिलेच होते असं वाटतं. मग लक्षात येतं की आठवण बंदराची नाही, त्या खोलीची येते.

या वर्षी गणपतीला शारदाआते आली होती. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. भला माणूस, कधी आवाज चढवला नाही. दोन्ही मुली परदेशात. आरतीनंतर पुढच्या खोलीत जेवणाची गडबड सुरू झाली, आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. मी तिला सांगितलं, माझ्या भाच्याने ती मालिका फोनवर शोधून दिली आहे, शेवटचा भागसुद्धा. बघायचा?

"नको गे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा असेल तो."

मग मी विचारलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं. "आते, आजी जा म्हणाली होती ना? मी तिथंच होते. मग तू गेली का नाय?"

ती हाताचे तळवे बघत बसली. आता त्यांना कांद्याचा वास येत असणार.

"नको म्हटली असती तर गेले असते," ती म्हणाली. "खरा सांगते. भांडण तयार ठेवला होता मी, शब्द न शब्द. पिशवी पण भरून ठेवली होती. ती जा म्हटली, आन मी तिच्याकडे पाह्यला. चणे निवडत होती, आन चांगले चणे पण खड्यांत टाकत होती. तिला दिसतच नव्हता काय. तोवर मला वाटायचा, दुखतो तो फक्त मला."

आतून तिला कुणीतरी जेवायला हाक मारली. ती उठली नाही. परसापलीकडे ऊस वाऱ्यावर सळसळत होता. तिने विचारलं, "इथून माएबूर्गला बस जाते अजून?"

"जाते की. मध्ये एकदा बदलावी लागते."

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन तिकडून परत यायला शेवटची कधी असते?"